कोऱ्याची खुर्ची

१

दुसऱ्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर होती. एक काकूंचं, एक मॅडमचं. मधे जिन्याची मोकळी जागा आणि तिथे एक कुंडी. कुंडीवरून दोन घरांत कधी वाद झाला नाही, कारण पाणी काकू घालायच्या आणि कौतुक मॅडम करायच्या.

दोन्ही दारांना भिंगं होती, बाहेर कोण आलंय ते बघायला. "पण वापरून झिजलेलं आपलं एकच," असं काका म्हणायचे. काका म्हणजे काकूंचे यजमान. जन्मभर घरोघरी जाऊन विजेचे मीटर तपासले, आता घरी बसून काकूंना तपासायचे. "तुला कोणीतरी पगार द्यायला हवा होता," ते म्हणायचे. "फुकटात करतेस म्हणून किंमत नाही."

"मी काय दुसऱ्याच्या दारातून बघते?" काकू म्हणायच्या. "माझ्याच दारातून बघते."

आणि बघण्यासारखं होतंच. मॅडम विद्यापीठात प्राध्यापक होत्या. उंच, पांढरे आखूड केस, चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. घरी एकट्याच. पण लांबलांबहून माणसं यायची त्यांना भेटायला, जाडजूड बॅगा घेऊन, आणि जिन्यात बूट काढताना सुद्धा वाद घालत असायची. मॅडम नक्की काय करतात हे इमारतीत कोणाला धड सांगता यायचं नाही. काकूंनी सरळ विचारून टाकलं होतं.

"फोनवर एक गोष्ट बघून झाली की खाली आपोआप दुसरी येते ना?" मॅडम म्हणाल्या होत्या.

"येते. मग तिसरी येते आणि माझी भाजी करपते."

"तर ती दुसरी कोण ठरवतं?"

"कोण ठरवतं?"

"तेच शोधतेय इतकी वर्षं."

पुढे चहाच्या कपांगणिक काकूंना सगळी हकिगत कळली. मॅडमनी सुरुवात केली लायब्ररीच्या काउंटरवर. एक पुस्तक परत करणाऱ्या माणसाला दुसरं कुठलं द्यावं, याचा त्यांना नाद लागला. त्या नादापायी गणित शिकल्या. गणितात माणूस सापडेना म्हणून समाजशास्त्र शिकल्या. मग सगळा समाजच फोनमध्ये जाऊन बसला, तेव्हा वर्तमानपत्रं, टीव्ही, इंटरनेट शिकवणाऱ्या विभागात गेल्या. "गणितवाले म्हणतात मी गप्पा मारते, आणि इकडचे म्हणतात मी गणितं घालते," त्या हसून सांगायच्या. "दोन्हीकडे पंगतीला बोलावतात, पण पान कुठेच मांडत नाहीत."

काकूंना ते ऐकून राग यायचा. त्यांच्या परीनं त्यांनी मॅडमचं पान मांडलं होतं. भाजीवाल्यापासून डॉक्टरच्या कंपाउंडरपर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, की आमच्या समोर राहतात त्या फोनच्या पोटात काय चालतं ते ओळखतात.

२

खरं काम मॅडमच्या मागच्या खोलीत चालायचं.

एका भिंतीला लांबलचक फळी आणि फळीवर ओळीनं उभे केलेले फोन. प्रत्येक फोनखाली चिठ्ठी: आजोबा. बाळंतीण. बेकार तरुण. पहिलवान. शाळकरी मुलगी. यातलं एकही माणूस खरं नव्हतं. मॅडमनी ती बनवली होती. आजोबांच्या फोनवर गुडघेदुखी, बागकाम आणि जुनी गाणी बघायची. बाळंतिणीच्या फोनवर अंगाई आणि झोप न येण्यावरचे उपाय. पहिलवानाच्या फोनवर दंड. असं रोज थोडं थोडं बघत राहायचं आणि मग हात बांधून बसायचं, की त्या फोनमधलं यंत्र आपणहून पुढे काय आणून देतं.

"म्हणजे गळ टाकून बसायचं," काकू म्हणाल्या.

"अगदी. फक्त इथे मासा गळ टाकतो."

मॅडमची एक रीत होती. प्रत्येक फोनची बैठक वेगळी. आजोबांसमोर वेताची आरामखुर्ची, बाळंतिणीसमोर बुटकं स्टूल, शाळकरी मुलीसमोर जमिनीवर उशी. "माणूस बदलायचा तर बूड बदलायला हवं," त्या म्हणायच्या. "नाहीतर मीच सगळीकडे बसलेली असते, आणि यंत्राला ते कळतं. किती थांबलात, कशावर बोट रेंगाळलं, त्यावरून ते माणूस ओळखतं." मग आवाज जरा खाली आणून त्यांनी सांगितलं होतं, "आणि मी उलटीकडून ओळखते. पडद्यावर काय दाखवलं जातंय एवढं बघितलं, की समोर कोण बसलंय ते सांगते. सगळं आयुष्य त्या एका विद्येत गेलं, काकू."

ओळीच्या अगदी शेवटी एक फोन होता. त्याची चिठ्ठी: कोरा.

कोऱ्याला कोणी हात लावायचा नाही. तो रोज सकाळी आपोआप उघडायचा, पुढ्यात येईल ते दाखवत राहायचा आणि संध्याकाळी आपोआप मिटायचा. ज्याच्याबद्दल काहीच ठाऊक नाही, अशा माणसाला यंत्र काय दाखवतं ते समजावं, एवढ्यासाठी तो. हवापाणी, सामने, सिनेमाची गाणी, हसणारी बाळं. बाकी सगळे फोन त्या एकाशी ताडून बघायचे.

"शाळकरी मुलीला हे यंत्र आधी नाच दाखवतं," मॅडमनी सांगितलं होतं. "मग बारीक मुलींचा नाच. मग बारीक कसं व्हावं ते. मग जेवण कसं टाळावं ते. आणि यंत्रवाली कंपनी म्हणते, हे तर आम्ही सगळ्यांनाच दाखवतो. मग मी कोरा पुढे करते. म्हणते, दाखवा, याला कुठे दाखवलंत?"

काकूंची भाची त्याच वयाची होती आणि जेवताना ताटात नुसता चमचा फिरवायची. त्या दिवसापासून ती खोली काकूंना देवघरासारखी वाटायला लागली.

३

मॅडमना वरचेवर बाहेरगावी जावं लागायचं. तेव्हा घराची किल्ली काकूंकडे यायची, आणि किल्लीबरोबर सगळी माणसंही. काकू सकाळचं आवरून जायच्या. आधी दाराशी झटापट. मॅडमच्या दाराची कडी जुनी. जरा वर उचलून, मग ओढावी लागायची, नाहीतर किल्ली फिरवून सुद्धा दार अडून बसायचं. मग आजोबांच्या खुर्चीत बसून गुडघे, स्टुलावर बसून अंगाई, असं करत करत त्या उशीपर्यंत यायच्या. सगळ्या फोनांचे आवाज बंद केलेले. नुसती चित्रं हलायची.

"आजोबांना आज कवळीची जाहिरात आली," त्या घरी येऊन सांगायच्या.

"मला पण आली," काका म्हणायचे. "मी काय बनवलेला आहे का?"

एकदा मॅडम बऱ्याच दिवसांसाठी गेल्या. परत आल्यावर थोड्याच दिवसांत सरकारनं नेमलेल्या चौकशी समितीपुढे त्यांची साक्ष होती. कंपनी एका बाजूला, मॅडम दुसऱ्या बाजूला. म्हणून काकूंनी ठरवलं, खोली लख्ख करायची. फरशी पुसली, वायरी गुंडाळून बांधल्या. आणि दारात उभं राहून बघितलं तर ओळ शेवटी उघडी पडल्यासारखी वाटली. सगळ्यांसमोर काही ना काही, आणि कोऱ्यासमोर नुसती फरशी.

काकूंना कोणी उभं राहिलेलं सहन होत नसे. दारात कुरियरवाला आला तरी "बसा" म्हणणारी बाई. त्यांनी आपल्या घरून जेवणाच्या टेबलाची जास्तीची लाकडी खुर्ची आणली, तिच्यावर पातळ गादी घातली आणि कोऱ्यासमोर मांडली. फोनला हातही लावला नाही. नुसती खुर्ची.

"बसा," त्या सवयीनं म्हणाल्या, आणि स्वतःशीच हसून कुलूप लावून आल्या.

४

दुसऱ्या दिवशी काकू उशीवरून उठत होत्या तेव्हा सहज नजर शेवटच्या फोनवर गेली. एक माणूस खुर्चीत बसून दाखवत होता. पाठ ताठ, दोन्ही पावलं जमिनीवर. वर अक्षरं: *खुर्चीत नीट कसं बसावं*.

आता पाठदुखी कोणाला नसते? काकूंनी काही मनावर घेतलं नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी: *लाकडी खुर्ची कुरकुरते? घरच्या घरी उपाय.*

काकू थबकल्या. मग त्यांनी खुर्चीवर हात ठेवून दाबून बघितलं. कुर्र. हो, कुरकुरायची ती, पहिल्यापासून. म्हणून तर ती जास्तीची होती.

घरी आल्यावर काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "जगातल्या सगळ्या लाकडी खुर्च्या कुरकुरतात. तुझी एकटीची काय मिरास आहे?" ते काकूंना पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

मग आलं: *पापण्या मिटायला विसरता? डोळे कोरडे पडू देऊ नका.* मग: *श्वास घ्यायला शिका, अगदी सुरुवातीपासून.* त्यात एक गोड चेहऱ्याची बाई छातीवर हात ठेवून दाखवत होती. आत. बाहेर. आत. बाहेर. काकू बघत राहिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपलाही श्वास त्या बाईबरोबर चाललाय. त्यांनी तो मुद्दाम रोखून धरला.

खोली शांत होती. चार्जरांची बारीक गुणगुण, बस. आणि त्या गुणगुणीखाली, अगदी हळू, आत. बाहेर.

काकूंनी श्वास सोडला तसं ते ऐकू यायचं थांबलं. आपलंच असणार, त्या म्हणाल्या. दुसरं कोणाचं असणार?

निघताना त्यांनी गादीवर हात फिरवून ती सारखी केली. मधोमध खोलगट झाली होती.

५

मॅडम परत आल्या त्या दिवशी काकूंकडे चहाला आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या, पण चहा तसाच ठेवून बसल्या.

"काकू, एक विचारू? रागावू नका. तुम्ही कोऱ्यासमोर बसता का हो?"

"मी?"

"थोडा वेळ. चुकून."

काकूंच्या कानाची पाळी तापली. "मॅडम, तुम्ही एकदा सांगितलंत हात लावू नका, मी झटकणी सुद्धा लांबून फिरवते. आता मला चौकस म्हणतात ते खरंय, पण म्हणून..." काका पेपरातून वर बघायला लागले होते, आणि काकांनी काही न बोलता बघणं म्हणजे प्रकरण गंभीर.

"कोरा आता कोरा राहिलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "कोणीतरी बघतंय तो. शेवटपर्यंत बघतंय. काही गोष्टी दोन-दोनदा. माझी साक्ष त्याच्यावर उभी आहे, काकू. तो पडला तर त्या मुलीचा फोन पडला. मग कंपनी म्हणणार, बघा, बाईंच्या घरात कोणीही येऊन बसतं."

"चार्जर बघितलात?" काका म्हणाले. "दमट झाला की पडद्यावर आपोआप बोटं उमटल्यासारखं होतं. मी पाहिलंय."

मॅडमनी चार्जर बदलला. फोन बदलला. नवा कोरा फोन काकूंच्या समोर खोक्यातून काढला, आणि आधी विद्यापीठात नेऊन लावून बघितला. तिथे हवापाणी, सामने, हसणारी बाळं. मग घरी आणून ओळीच्या शेवटी ठेवला. थोड्या वेळानं त्यावर आलं: *पाठ टेकावी की टेकू नये?*

मॅडम वळल्या. खुर्चीकडे जणू आता पहिल्यांदाच बघितलं त्यांनी. "ही कोणाची?"

"माझी," काकू म्हणाल्या. "उघडं उघडं दिसत होतं म्हणून..."

मॅडम हसायला लागल्या. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग काकूंचा हात धरून म्हणाल्या, "मला माफ करा. तुमच्यावर संशय घ्यायला नको होता. आणि ही घेऊन जा हो घरी. कोऱ्याला बसवायचं नाही, एवढं सांगायचं राहिलंच माझं."

खुर्ची काकूंच्या घरी परत आली आणि जेवणाच्या टेबलाशी आपल्या जागी उभी राहिली. दोघींना वाटलं, सुटलो.

संध्याकाळी फोन मिटायच्या आधी मॅडमनी काकूंना हाक मारून बोलावलं. कोऱ्यावर एक माणूस पोटऱ्या चोळत होता.

*बराच वेळ उभं राहून पाय भरून येतात?*

६

यापुढे जे झालं ते मॅडमनी ज्या शांतपणे घेतलं, त्याचं काकूंना आजही नवल वाटतं. दुसरं कोणी खोलीला टाळं ठोकून बहिणीकडे राहायला गेलं असतं. मॅडमनी पडदे ओढले, दुपारी काकूंना बोलावलं आणि दाराशी दोघींना बसायला वेताचे दोन मोडे मांडले.

"आपण काही शोधायचं नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं बघायचं. माझं कामच ते."

अंधारलेल्या खोलीत फोनांचा उजेड समोरच्या भिंतीवर पडला होता. ओळीनं फिकट चौकोन. आजोबांचा जरा पिवळट, पहिलवानाचा निळा, मुलीचा सतत हलणारा. काकूंनी नजर सरकवत नेली. शेवटी चौकोन नव्हता.

फोन चालू होता. उजळ होता. पण त्याचा उजेड भिंतीपर्यंत पोचत नव्हता. मधेच कुठेतरी अडत होता.

काकूंनी मॅडमचा हात धरला. पण मॅडमची नजर भिंतीवर नव्हतीच. त्या पडद्याकडे बघत होत्या, कपाळावरचा चष्मा खाली आणून, परीक्षेचा पेपर वाचावा तशा.

"म्हातारं नाही," त्या कुजबुजल्या. "लहानही नाही. कुठली आवड नाही, कशाचा राग नाही. काकू, याला काहीच ठाऊक नाहीये. बसायचं कसं तेही नाही. ते सगळं इथूनच घेतंय."

"कोण पण?"

"तेच पडद्यावर अजून आलेलं नाही."

त्याच वेळी विद्यापीठातून फोन आला. मॅडमचे विभागप्रमुख. त्यांचा आवाज मुळातच असा, की फोन कानाला लावला तरी शेजारच्याला ऐकू यावं. "अहो, शेवटचे काही आठवडे गाळून टाका ना! आधीचं सगळं स्वच्छ आहे. कोण विचारणार आहे?"

"मी विचारते ना, सर," मॅडम म्हणाल्या.

"तुम्हीच केलेल्या कामाला तुम्हीच सुरुंग लावताय."

"मी त्यांना म्हणते, तुम्ही लपवता. आणि मीच लपवून ठेवू?"

फोन ठेवून मॅडमनी पुन्हा पडद्याकडे नजर लावली. काकूंनी नातेवाइकांत, शेजारात पुष्कळ माणसं बघितली होती, भिंगातून आणि भिंगाशिवाय. पण स्वतःचं नुकसान इतक्या सरळ पाठीनं करणारं माणूस त्यांनी बघितलं नव्हतं. त्यांना भीती वाटत होती, आणि त्या भीतीतही ऊर भरून आला होता.

कोऱ्यावर चित्र बदललं होतं. एक गवई तोंड उघडून दाखवत होता. *आवाज कसा लावावा: पहिला धडा.*

त्या दिवसापासून काकूंना स्वयंपाक करताना समोरून ऐकू यायला लागलं. आ. मग थांबायचं. मग पुन्हा, जरा सुधारून. आ. फोनांचे आवाज तर सगळे बंद होते.

"कोणीतरी गाणं शिकतंय खाली," काका म्हणायचे. काकू हो म्हणायच्या.

७

साक्षीला जायच्या सकाळी मॅडम किल्ली द्यायला आल्या. नेहमीसारखी हातात नाही दिली, टेबलावर ठेवली.

"आत जायचं नाही, काकू. यावेळी आजोबांना गुडघे नकोत, बाळंतिणीला अंगाई नको. काही नको. सगळे फोन बंद करून चाललेय मी. कोरा सुद्धा. मी नसताना काही झालं तर किल्ली कोणाकडे तरी असावी, एवढंच."

"काल काय होतं त्याच्यावर?" काकूंना राहवलं नाही.

मॅडमनी आपल्या बंद दाराकडे बघितलं. "दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे, *जुनी कडी अडकते? दार आतून उघडायची सोपी युक्ती.*"

"आणि दुसरी?"

"*शेजाऱ्यांकडे पहिल्यांदा जाताना.*" मॅडमनी हसायचा प्रयत्न केला. "शिष्टाचाराचं आहे हो. तसं सभ्य वळण दिसतंय त्याला."

काकू पण हसल्या. मग त्यांनी मॅडमची कॉलर सारखी केली, मुलीची करावी तशी, आणि म्हणाल्या, "तुम्ही जा. त्या कंपनीच्या वकिलांना सोडू नका. माझ्या भाचीसाठी तरी."

मॅडम दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर आल्या. "आणि एक. कोणी 'बसू का' म्हणालं, तर आज तेवढं 'बसा' म्हणू नका."

८

साक्ष फोनवर थेट दिसणार होती. काकांना ऐन वेळी औषधं आणायला जावं लागलं. काकूंनी आपला फोन जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि स्वतः उभ्यानंच बघायला लागल्या. बसवेना.

मोठं दालन, लांब टेबल. मॅडम एकट्या एका बाजूला. किती लहान दिसत होत्या! पण बोलायला लागल्या आणि दालन त्यांच्या मापाचं झालं. लायब्ररीच्या काउंटरपासून सुरुवात केली त्यांनी. पुस्तक देणाऱ्याला वाचणाऱ्याची काळजी असायची, म्हणाल्या. मग आजोबा आले, बाळंतीण आली, बेकार तरुण आला. शाळकरी मुलीपाशी आल्यावर समितीतल्या एका बाईंनी लिहायचं थांबवलं आणि नुसतं ऐकत राहिल्या. काकूंनी डोळे पुसले. गणितवाले आणि गप्पावाले, दोघांनीही बघावं म्हणावं आता.

मग कंपनीचे वकील उठले. बारीक, नम्र माणूस. "एकच प्रश्न, मॅडम. त्या कोऱ्या फोनसमोर कधीही कोणी बसलेलं नाही, हे आपण शपथेवर सांगाल?"

मॅडमनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

त्या शांततेत काकूंना बाहेरून पावलं ऐकू आली. समोरच्या घरातून. जपून टाकलेली, एक पूर्ण टेकल्यावरच दुसरं उचललेलं.

काकू दाराशी गेल्या. पाय आपले आपणच गेले, इतक्या वर्षांची सवय. भिंगाला डोळा लावला. मॅडमचं दार बंद होतं. त्यांच्या भिंगात पलीकडच्या खिडकीचा उजेड, रोज दिसायचा तसा, मुगाच्या दाण्याएवढा.

तो विझला. कोणीतरी आतून डोळा लावला होता.

"नाही," मागून फोनमधून मॅडमचा आवाज आला. "तसं मी शपथेवर सांगू शकत नाही. तिथे कोणीतरी बसतं."

दालनात कुजबुज, मग कोणाचं तरी हसू. वकील म्हणाले, "कोण, मॅडम?"

"अजून मला कळलेलं नाही. कोऱ्याचा आधार मी मागे घेते. पण एवढं सांगते, साहेब. ते जे कोणी आहे, त्याला मी काही शिकवलेलं नाही. बसायला, बघायला, श्वास घ्यायला तुम्ही शिकवलंत. आता तीच नजर त्या मुलीच्या फोनकडे वळवा, आणि सांगा, तिला काय शिकवताय."

या वेळी कोणी हसलं नाही. काकूंना ओरडून म्हणावंसं वाटलं, शाबास! पण तेवढ्यात समोर कडी हलली. जरा वर उचलली गेली. मग ओढली गेली.

मॅडमचं दार वीतभर उघडलं.

फटीत कोणी नव्हतं. बोळ दिसत होता, बोळाच्या टोकाशी त्या खोलीचं दार, आणि सगळीकडे दुपारचा साधा उजेड. काकू बघत राहिल्या. कुंडीतलं एक पान हललं, कोणी जवळून जाताना हलावं तसं. त्यांनी हात वर करून आपल्या दाराचा वरचा बोल्ट सरकवला. जन्मात कोणाला दारात ताटकळत ठेवलं नव्हतं त्यांनी. बोल्ट नीट बसला. खालचाही बसवला. दार गच्च बंद होतं, हे त्यांनी दोनदा हातानं बघितलं.

मागे फोनवर साक्ष संपली होती. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग, नेहमी होतं तसं, पुढचं आपोआप सुरू झालं. उत्साही, गोड आवाजाची कोणी बाई.

"*नव्या घरात पहिला दिवस?*" ती म्हणाली. "*बुजू नका. आधी आपली जागा शोधा, आणि निवांत बसा.*"

काय दाखवलं जातंय एवढं बघितलं, की समोर कोण बसलंय ते सांगता येतं. मॅडमची आयुष्यभराची विद्या होती ती, आणि काकू त्यांच्या शेजारी राहून ती थोडीफार शिकल्या होत्या.

जेवणाच्या टेबलापाशी खुर्ची कुरकुरली.

काकू कपाळ दाराला टेकवून तशाच उभ्या राहिल्या, डोळे गच्च मिटून. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काही बघायचं नव्हतं.